सोपाऱ्याची वाट : विहारयात्रा की धम्मयात्रा?



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही इतिहासाचं लिहा, असा कार्यकर्त्यांचा आग्रह झाला. इतिहास म्हटला की पुष्कळजण पान उलटतात. म्हणून मी आपल्याला एका वाटेनं सावकाश चालवत नेतो. ही वाट पालघर जिल्ह्यातल्या नालासोपाऱ्याची.

पेठहून आम्ही पंधरा-वीस उपासक-उपासिका जव्हार-मनोरच्या रस्त्यानं तिथं गेलो होतो. ताडामाडांच्या सावलीत विटांचा एक उंचवटा आहे. गावची माणसं त्याला 'बुरूड राजाचा कोट' म्हणत आली. आमच्यातल्या एक आजी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "एवढ्या लांबून हा विटांचा ढीग बघायला आणलं का रे बाबा?" सगळे हसले. पण आजींचा प्रश्न खरा होता आणि त्याचं उत्तर देणं आपलं काम आहे.

हा ढीग म्हणजे बुद्धस्तूप. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो उकरला. आत दगडी पेटी निघाली. त्या पेटीत तांब्याचा करंडक आणि त्याच्या पोटात एकात एक ठेवलेले चांदीचे, दगडाचे, स्फटिकाचे आणि सोन्याचे करंडक होते. सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे होते. ते भगवंतांच्या भिक्षापात्राचे असावेत, असं पंडितजींचं मत होतं. भोवती सात मानुषी बुद्ध आणि मैत्रेय अशा आठ मूर्ती होत्या. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहे. राजाची तिजोरी असती तर तिच्यात हिरे-माणकं सापडली असती. इथं सोन्याच्या करंडकात मातीची खापरं जपली होती!

सोपारा म्हणजे पाली ग्रंथातलं सुप्पारक, मोठं बंदर. पुढं खाडी गाळानं भरली आणि बंदर मागं पडलं. पूर्ण हा इथलाच व्यापारी, असं अट्ठकथा सांगते. भिक्खू झाल्यावर त्यानं सुनापरांतात धम्म सांगायला जाण्याची परवानगी मागितली. तिथली माणसं तापट आहेत, शिव्या देतील, मारतील, असं भगवंतांनी बजावलं. शिव्या दिल्या तर मारलं नाही म्हणून, आणि मारलं तर जीव घेतला नाही म्हणून, मी त्यांना भलीच मानीन, असं पूर्णाचं उत्तर होतं. परवानगी मिळाली.

स्तूपाला वंदन करून आम्ही वाघोली, निर्मळ करत भुईगावकडे निघालो. काय वाट ती! दोन्ही बाजूंनी केळीच्या आणि नारळाच्या वाड्या, मधेच गोड्या पाण्याचं बावखल. एका वाडीत म्हाताऱ्या शेतकरीदादांनी तांब्याभर पाणी दिलं. पुढं सुरूची झाडी लागली आणि झाडीपलीकडे समुद्र. आजी वाळूत बसल्या आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत.

या भुईगावात १९५६ साली सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. तो आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर लोक नाना मंगलविधी करतात, त्यांचं फळ थोडं. नोकराचाकरांशी नीट वागणं आणि वडीलधाऱ्यांचा मान राखणं हेच खरं मंगल, असा त्याचा आशय. त्याच १९५६ साली, १४ ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी नागपुरात आपल्याला धम्म दिला. घरात अजून चोरून नवस बोलणाऱ्यांनी हा दगड जरूर पाहावा.

आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ सालीच खुद्द सोपाऱ्यात मिळाला होता. गंमत अशी, की हा लेख फिरण्याबद्दलच आहे! पूर्वीचे राजे विहारयात्रेला, म्हणजे शिकारीला आणि मौजेला निघत. अशोकानं राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर संबोधीचं, म्हणजे बोधगयेचं, दर्शन घेतलं आणि तेव्हापासून त्याची धम्मयात्रा सुरू झाली. त्या यात्रेत श्रमण-ब्राह्मणांना दान, वृद्धांची भेट आणि त्यांना मदत, खेड्यापाड्यांतल्या जनतेशी धम्माची बोलणी असत. यातच मला खरा आनंद, असं राजा सांगतो.

आणि हे सगळं पेठला परकं नाही. आपल्या डोंगरांवरचं पाणी दमणगंगा आणि पार यांच्या वाटेनं पश्चिम समुद्राला जातं. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत, नहपानाच्या लेण्यात, त्याचा जावई उषवदात याचा लेख आहे. शोर्पारग म्हणजे सोपारा आणि आपलं गोवर्धन इथं धर्मशाळा बांधल्याचं, तसंच दमण, पारदा, डहाणुका अशा नद्यांवर फुकट नावा ठेवल्याचं त्यात लिहिलं आहे. वाटसरूला पैलतीरी पोचवणं हे त्या काळी पुण्यकर्म होतं.

परतताना आजी म्हणाल्या, "मला वाचता येत नाही. पण पुढच्या खेपेला माझ्या नातवंडांना आणा, त्यांना वाचून दाखवा."

बंधूंनो, आपणही दरवर्षी सहल काढतो. गाडीत गाणी, डबे, फोटो, सगळं होतं, आणि ते वाईट नाही. पण म्हाताऱ्या माणसांना जागा नाही म्हणून घरी ठेवतो, आणि ज्या गावात जातो तिथल्या माणसाशी दोन शब्द बोलत नाही. मग ती नुसती विहारयात्रा झाली. पुढच्या सहलीत पहिल्या जागा म्हाताऱ्यांच्या, दुसऱ्या मुलांच्या, उरतील त्या आपल्या, एवढा ठराव या वर्धापनदिनी करू या.

भवतु सब्ब मंगलं!