टाळ्यांच्या पलीकडे

सातारा जिल्ह्यातील नायगाव हे सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव. प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना त्यांनाही संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्या मरणाचा गौरव सर्वच पक्ष करतात. परंतु त्यातून कोणता धडा घ्यायचा? सेवा करणाऱ्याने मरावे हा, की त्याला मरू देऊ नये हा?

२२ मार्च २०२० रोजी देशाने टाळ्या-थाळ्या वाजवून आरोग्यसेवकांचे आभार मानले. दुसऱ्याच दिवशी सांगली जिल्ह्यातील इस्लामपुरात एकाच कुटुंबातील चौघे करोनाबाधित आढळले. पुढे गावोगावी घरोघर पाहणीसाठी फिरणाऱ्यांत आशा होत्या. भाषणांत त्या ‘करोना योद्ध्या’ झाल्या, शासनाच्या लेखी मात्र ‘स्वयंसेविका’च राहिल्या, म्हणजे पगारी रजा नाही, निवृत्तिवेतन नाही. केंद्राने ५० लाखांचे विमाकवच जाहीर केले खरे, पण ते मृत्यूनंतरचे. आजारपणात बुडालेल्या कमाईची भरपाई त्यात नव्हती. शासनाने मरणाची किंमत ठरवली, प्रकृतीची नव्हे.

जून २०२१ मध्ये राज्यभरातील आशांनी संप केला. सुमारे आठवड्याभराने त्यांच्या मानधनात १००० रुपयांची वाढ आणि ५०० रुपयांचा करोना भत्ता मान्य झाला. टाळ्यांनी जे दिले नव्हते, ते काम थांबवल्यावर थोडेफार मिळाले.

सावित्रीबाईंनी तो धोका स्वतः पत्करला होता. आशांच्या बाबतीत तो गृहीत धरला गेला. गौरवाचा शब्द हक्काच्या जागी बसवला, की तो स्वस्त श्रमाचेच दुसरे नाव होतो.