साखळीची लांबी आधी सांगता येते का?

आर्णी परिसरातला कापूस पारखणारा माणूस चिमूटभर कापूस दोन बोटांनी ओढून तंतूंची लांबी पाहतो. तंतू लांब आहेत का, याबरोबरच ते सारखे आहेत का, हेही त्याला हवे असते. हा तंतू सेल्युलोजचा, म्हणजे ग्लुकोजच्या हजारो घटकांनी बनलेल्या साखळ्यांचा. तंतूची लांबी आणि रेणूची लांबी या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, हे वर्गात आवर्जून सांगायला हवे. पण प्रश्न दोन्हीकडे एकच : सारख्या लांबीचे कसे मिळवायचे? बहुवारिकांच्या, म्हणजे पॉलिमरच्या, बाबतीत हा प्रश्न कसा सुटत गेला ते आपण पाहू. त्यातला एक टप्पा आपल्या पुण्यात पार पडला.

रबर, सेल्युलोज यांसारखे पदार्थ लांबलचक साखळीरेणूंचे असतात, ही कल्पना जर्मन रसायनज्ञ हर्मान स्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये मांडली. ती पचनी पडायला बरीच वर्षे लागली; त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९५३ मध्ये. तोवर कारखान्यांत पॉलिस्टायरीनसारखी बहुवारिके तयार होऊ लागली होती. पण नेहमीच्या पद्धतीत एक साखळी आता सुरू होते, दुसरी नंतर. वाढती दोन टोके एकमेकांना भेटली की दोन्हींची वाढ संपते. त्यामुळे भांड्यात लहानमोठ्या साखळ्यांची सरमिसळ होते आणि आपण ज्याला रेणुभार म्हणतो ती केवळ सरासरी असते.

१९५६ मध्ये अमेरिकेतील सिराक्यूज येथे मायकेल श्वार्त्स या मूळच्या पोलंडच्या रसायनज्ञाने वेगळा मार्ग दाखवला. सोडियमने नॅप्थॅलीनला इलेक्ट्रॉन दिला की हिरवा द्राव मिळतो. त्यात स्टायरीन घालताच तो लाल झाला आणि साखळ्या वाढू लागल्या. सगळे स्टायरीन संपले, तरी लाल रंग टिकून होता. पुन्हा स्टायरीन घातले, तेही साखळ्यांना जोडले गेले आणि द्राव अधिक दाट झाला. साखळ्यांची टोके थांबली होती, मेली नव्हती. श्वार्त्स यांनी त्यांना ‘जिवंत बहुवारिके’ म्हटले.

असे का घडते? प्रत्येक वाढत्या टोकावर ऋण विद्युतभार असतो. समान भार एकमेकांना दूर लोटतात, म्हणून दोन टोके भिडून एकमेकांना संपवू शकत नाहीत. हेच ऋणायनी बहुवारिकीकरण.

यातून एक सोपे गणित निघते. पंगतीत सगळी पाने एकाच वेळी मांडली, कोणी मध्येच उठले नाही आणि वाढपी सर्वांकडे सारखा फिरला, तर एकूण पुऱ्यांना पानांच्या संख्येने भागले की प्रत्येकाच्या वाट्याच्या पुऱ्या कळतात. इथे पुऱ्या म्हणजे स्टायरीनचे रेणू आणि पाने म्हणजे आरंभकाचे, समजा ब्युटिल लिथियमचे, रेणू. १०४ ग्रॅम, म्हणजे एक मोल स्टायरीन आणि ०.०१ मोल आरंभक घेतला, तर प्रत्येक साखळीत सुमारे १०० घटक आणि रेणुभार साधारण १०,४००. वाढप योगायोगाने होते, म्हणून थोडा फरक राहतोच. तो किती असेल याचे गणित पॉल फ्लोरी यांनी १९४० मध्येच मांडले होते.

आता या भांड्यात ०.००२ मोल पाणी राहून गेले असे समजा. हे पाणी भरते ०.०३६ ग्रॅम, एका थेंबाहूनही कमी. पण ते आरंभकाचा पाचवा हिस्सा सुरुवातीलाच नष्ट करते. उरतात ०.००८ मोल, आणि साखळी १०० ऐवजी १२५ घटकांची होते. तेच पाणी मध्येच शिरले, तर काही साखळ्या अर्ध्यावर थांबतात आणि सारखेपणाही जातो. म्हणून या प्रयोगात खरी मेहनत असते ती विद्रावक, भांडी आणि हवा यांतला ओलावा व ऑक्सिजन काढून टाकण्याची.

जिवंत टोकाला दुसरे एकवारिकही जोडता येते. श्वार्त्स यांचे सहकारी राल्फ मिल्कोविच पुढे शेल कंपनीत गेले. तिथे पॉलिस्टायरीन, मग रबरासारखा भाग, पुन्हा पॉलिस्टायरीन अशा साखळ्या तयार झाल्या आणि १९६५ मध्ये बाजारात आल्या. गार असताना हा पदार्थ रबरासारखा ताणतो, तापवला की साच्यात ओतता येतो. बुटांचे तळवे आणि रस्त्याच्या डांबरातली भर, असे त्याचे उपयोग आहेत.

अॅक्रिलिकच्या पारदर्शक पत्र्यांसाठी लागणारे मिथिल मेथाक्रिलेट मात्र सहज वठणीवर येईना. त्याच्या कार्बोनिल गटावरच जिवंत टोक हल्ला करते आणि स्वतः मरते. म्हणून ही प्रक्रिया उणे ७८ अंश सेल्सिअससारख्या, कोरड्या बर्फाच्या तापमानाला करावी लागते. शिवाय टोके लिथियमसह घोळक्याने राहतात. घोळक्यातली मागे पडतात, सुटी पुढे जातात. १९८७ मध्ये बेल्जियममधील लिएज येथे फिलिप तेसिए यांच्या गटाने अशाच एका एकवारिकावर, ब्युटिल अॅक्रिलेटच्या एका प्रकारावर, लिथियम क्लोराइडची मात्रा लागू पडते असे दाखवले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डी. बास्करन आणि स्वामीनाथन शिवराम यांनी लिथियम परक्लोरेट वापरून मेथाक्रिलेटच्या साखळ्याही आटोक्यात आणल्या. त्यांचा शोधनिबंध १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. मीठ टोकांशी जोडले जाते, घोळके सुटतात आणि साखळ्या जवळपास बरोबरीने वाढतात.

भागाकार चौथीतल्या मुलालाही येतो. तो रेणूंना लागू पडावा यासाठी रसायनज्ञांना मोडता घालणारी एकेक गोष्ट शोधून दूर करावी लागली. रेणुभार शिकवताना वरचे उदाहरण फळ्यावर मांडावे, आणि पाण्याचा तो थेंब विद्यार्थ्यांनाच शोधायला सांगावा असे आम्हाला वाटते.