लिहिलंही स्वतः, चालीही स्वतःच्या : मराठी 'ऑपेरा' उभा करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर कोण होते?

किर्लोस्कर म्हटलं की बहुतेकांना शेतातला पंप आठवतो. पण त्या उद्योगाचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर ज्या गावात जन्मले, त्याच गावात त्यांच्या २६ वर्षं आधी आणखी एक किर्लोस्कर जन्मले होते. ते नाटकं लिहायचे, नाटकातली पदंही स्वतःच रचायचे आणि त्यांच्या चालीही स्वतःच ठरवायचे. बळवंत पांडुरंग किर्लोस्कर उर्फ अण्णासाहेब. मराठी संगीत नाटकाची सुरुवात त्यांच्यापासून मानली जाते.

ऑपेरा आणि संगीत नाटक, फरक काय?

ऑपेरा म्हणजे गाण्यातून सांगितलेली नाट्यकथा. त्यात बहुतेक संवादही गायले जातात. युरोपात साधारणपणे शब्द एक जण लिहितो आणि संगीत दुसरा देतो. दोन्ही कामं एकाच माणसानं केल्याची उदाहरणं कमी आहेत. जर्मनीचे रिचर्ड वाग्नर हे त्यातलं सगळ्यात मोठं नाव. त्यांचा शेवटचा ऑपेरा 'पार्सिफाल' १८८२ च्या जुलैमध्ये रंगमंचावर आला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुण्यात अण्णासाहेबांचं 'संगीत सौभद्र' आलं.

संगीत नाटकात मात्र गद्य संवाद आणि पदं आलटून पालटून येतात. पात्र बोलता बोलता गाऊ लागतं आणि कथा पुढे सरकते.

नोकरी सरकारी, ओढ नाटकाची

अण्णासाहेबांचा जन्म ३१ मार्च १८४३ चा. गाव गुर्लहोसूर, आजच्या कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातलं. शिक्षणासाठी ते पुण्याला आले, पण अभ्यासापेक्षा नाटकमंडळ्यांसाठी पदं रचण्यात त्यांचं मन जास्त रमलं. पुढे त्यांनी सरकारी नोकरी केली. 'शांकरदिग्जय' हे गद्य नाटकही लिहिलं.

सीमाभागातल्या या बालपणाचा त्यांना पुढे फायदा झाला. मराठी कीर्तन, लावणी आणि कानडी गाणी, असं सगळंच त्यांच्या कानावरून गेलेलं होतं.

३१ ऑक्टोबर १८८० ला नेमकं काय घडलं?

पुण्यात एका पारशी कंपनीचं गाण्यांनी भरलेलं नाटक पाहून मराठीतही असं काही करावं, हे अण्णासाहेबांच्या मनात आलं, असं सांगितलं जातं. त्यांनी कालिदासाचं 'शाकुंतल' मराठीत आणलं. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात त्याच्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला. सूत्रधाराची भूमिका त्यांनी स्वतः केली.

यात नवीन काय होतं? विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हाही गाणी होतीच. पण तेव्हा पदं म्हणायचा सूत्रधार आणि पात्रं प्रसंगानुसार आयत्या वेळी गद्य बोलायची. अण्णासाहेबांनी बांधीव संहिता लिहिली आणि गाणं थेट पात्राच्या तोंडी दिलं. दुष्यंताचं दुःख आता दुष्यंतच गाऊ लागला. त्यासाठी गाता येणारे नट हवे होते. मोरोबा वाघोलीकर, बाळकोबा नाटेकर आणि पुढे भाऊराव कोल्हटकर हे असे नट त्यांना मिळाले.

'संगीत सौभद्र'चा पहिला प्रयोग १८ नोव्हेंबर १८८२ ला झाला, तोही पहिल्या तीन अंकांचा. गोष्ट महाभारतातली. सुभद्रेचं प्रेम अर्जुनावर, बलरामाला मात्र ती दुर्योधनाला द्यायची आहे आणि कृष्ण डाव टाकतोय. पात्रं पुराणातली असली तरी रुसवे-फुगवे अगदी मराठी घरातले. म्हणूनच हे नाटक आजही होतं.

चाली आल्या कुठून?

'शाकुंतल'मध्ये सुमारे २०० पदं होती. अण्णासाहेबांनी साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत असे लोकांना पाठ असलेले प्रकार घेतले. त्यांच्या जोडीला लावणीच्या, कानडी गाण्यांच्या आणि रागदारीच्या चाली वापरल्या. प्रेक्षकांना हे परकं वाटलं नाही, कारण गाण्यातून कथा ऐकायची सवय कीर्तनानं आधीच लावली होती. औशाच्या नाथ संस्थानाचं चक्रीभजन ज्यांनी पाहिलंय, त्यांना शब्द, सूर आणि अंगाची हालचाल एकत्र आली की काय होतं, हे वेगळं सांगायला नको.

मग मूळ संगीत गेलं कुठे?

युरोपातल्या ऑपेराचं संगीत स्वरलिपीत लिहिलेलं असतं. दीडशे वर्षांनीही तो ऑपेरा वाचून वाजवता येतो. संगीत नाटकाच्या पुस्तकात मात्र पदाच्या वर फक्त 'चाल' लिहिलेली असते, म्हणजे हे पद अमुक गाण्यासारखं म्हणायचं. ते मूळ गाणं विस्मरणात गेलं की चाल सापडणं अवघड होतं.

रेकॉर्डिंगचाही आधार नाही. सुभद्रेची भूमिका गाजवणारे भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये गेले. भारतात पहिली व्यावसायिक ध्वनिमुद्रणं झाली ती १९०२ मध्ये, कोलकात्यात. अवघ्या एका वर्षाचं अंतर. त्यामुळे आज आपण ऐकतो ती 'सौभद्र'ची पदं गायकांच्या पिढ्यांतून, बदलत बदलत आपल्यापर्यंत आलेली आहेत.

अर्धं राहिलेलं नाटक

१८८४ मध्ये 'संगीत रामराज्यवियोग'चे तीन अंक रंगमंचावर आले. पुढचे अंक लिहून व्हायच्या आधीच २ नोव्हेंबर १८८५ ला गुर्लहोसूरला अण्णासाहेबांचं निधन झालं. वय फक्त ४२. 'शाकुंतल'च्या पहिल्या प्रयोगाला तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती.

पण त्यांची किर्लोस्कर नाटक मंडळी चालू राहिली. त्यांचे शिष्य गोविंद बल्लाळ देवल यांनी १८९९ मध्ये 'संगीत शारदा' आणलं. म्हाताऱ्या नवऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीचा प्रश्न त्यांनी याच गाण्या-बोलण्याच्या साच्यात मांडला. १९०५ मध्ये कंपनीत एक तरुण गायक नट दाखल झाला. त्याचं नाव नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व.