राकेश शर्मा : अंतराळांतील आठ दिवस

१९८४ च्या एप्रिल महिन्यांत मी लातूरकडील एका शाळेंत नवखा शिक्षक होतों. राकेश शर्मा अंतराळांत गेल्याचें वृत्त मीं वर्गांत मोठ्या उत्साहानें सांगितलें. तेव्हां एका मुलानें विचारलें, "गुरुजी, तिकडे जाऊन त्यांनीं काम काय केलें?" पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या प्रश्नास त्यांनीं इक्बालांच्या गीतानें उत्तर दिलें, एवढें मला ठाऊक होतें. कामाविषयीं मात्र मी निरुत्तर झालों. तें उत्तर आज देतों.

शर्मांचा जन्म १३ जानेवारी १९४९ रोजीं पतियाळा येथें झाला; पण ते वाढले व शिकले हैदराबादेंत. आपला नांदेड-लातूरचा मुलूखहि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यांतच होता, तेव्हां हे गृहस्थ आपणांस अगदींच परके नव्हेत. १९६६ सालीं ते खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनींत दाखल झाले, १९७० सालीं वायुदलांत वैमानिक झाले आणि १९७१ च्या युद्धांत त्यांनीं मिग विमान चालविलें.

पुढें भारत व सोविएत रशिया यांच्या संयुक्त मोहिमेसाठीं त्यांची व रवीश मल्होत्रा यांची निवड झाली. दोघांनींहि रशियांत सारखेंच कठोर शिक्षण घेतलें. उड्डाण एकाच्याच वांट्यास आलें. मल्होत्रांचें नांव आज कोणाच्या तोंडीं नाहीं, ह्याची मला खंत वाटते.

३ एप्रिल १९८४ रोजीं मालिशेव व स्त्रेकालोव ह्या रशियन सहकाऱ्यांसह शर्मा सोयुझ टी-११ यानांतून निघाले आणि साल्यूत-७ ह्या अवकाशस्थानकावर पोचले. तेथून त्यांनीं भारतभूमीचीं छायाचित्रें घेतलीं; वनें, पाणी व जमीन यांच्या अभ्यासास तीं हवीं होतीं. दुसरें काम मोठें कौतुकाचें. भारहीन अवस्थेंत रक्त मस्तकाकडे चढतें, स्नायू शिथिल होतात. त्यावर योगासनांचा कांहीं उपयोग होतो काय, हें त्यांनीं स्वतःच्याच देहावर पाहिलें. पण अधांतरीं तरंगणाऱ्या माणसानें आसन घालावयाचें कसें? तर अंगास पट्टे आवळून!

७ दिवस, २१ तास व ४० मिनिटांनीं ते पृथ्वीवर परतले. अशोकचक्र मिळालें, सत्कार झाले. त्यानंतर १९८७ सालीं ते हिंदुस्थान एअरोनॉटिक्समध्यें गेले आणि नाशिकजवळील ओझर येथें १९९२ पर्यंत परीक्षक वैमानिक राहिले. विमान उड्डाणास योग्य आहे कीं नाहीं, हें स्वतः त्यांत बसून पाहणें हें तें काम. त्यांत टाळ्या नाहींत, धोका मात्र पुरेपूर.

त्यांच्यामागून दुसरा भारतीय नागरिक अंतराळांत जाण्यास ४१ वर्षें लागलीं. २५ जून २०२५ रोजीं गेलेले शुभांशु शुक्ला हेहि खडकवासल्याचेच. आणि माझा तो विद्यार्थी? आतां पन्नाशी उलटलेला असेल. कोठें ऐकत असेल, तर उत्तरास झालेल्या विलंबाबद्दल त्यानें गुरुजींना क्षमा करावी.