व्यसनासक्ती व मनोविकार यांवरील संयुक्त उपचार

मद्य किंवा अन्य मादक पदार्थांची आसक्ती आणि मनोविकार ही दोन्ही एकाच व्यक्तीत आढळली असता, त्यांवर एकाच वेळी व एकाच चिकित्सक-गटाकडून केले जाणारे उपचार. या अवस्थेस ‘दुहेरी निदान’ असेही म्हणतात. विषण्णता, चिंता वा छिन्नमानस यांचा त्रास विसरण्यासाठी काही रुग्ण व्यसनाकडे वळतात. उलट दीर्घकालीन व्यसनामुळे भ्रम, संशय व आत्महत्येचे विचार उद्‌भवतात. व्यसन सुटल्यावर दबलेली विषण्णता उफाळून येते आणि रुग्ण पुन्हा व्यसनाधीन होतो. म्हणून यांपैकी एकाच विकारावरील उपचार बहुधा अपुरे पडतात.

हा संबंध भारतात पूर्वीपासून ज्ञात होता. परंतु तो उपचारासाठी नव्हे, तर नोंदीपुरता वापरला जाई. एकोणिसाव्या शतकातील वेड्यांच्या इस्पितळांत अनेक रुग्णांच्या नावापुढे ‘गांजा’ हे वेडाचे कारण म्हणून लिहिलेले असे. १८९३-९४ च्या भारतीय भांग-गांजा चौकशी आयोगाने या नोंदी तपासल्या. त्या बहुधा पोलिसांच्या टिपणांवरून, पुरेशा चौकशीविना केलेल्या असून विश्वसनीय नाहीत, असे आयोगास आढळले. पुढे १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाने मद्यपान हा मुख्यतः गुन्ह्याचा विषय ठरविला. परिणामी मनोरुग्णासाठी इस्पितळ आणि व्यसनी माणसासाठी पोलीस ठाणे, अशी विभागणी रूढ झाली.

१९८० नंतरच्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द या अशुद्ध हेरॉइनचा प्रसार झाला. अनिल अवचट यांच्या लेखनाने या प्रश्नाकडे समाजाचे लक्ष वेधले. त्यांच्या पत्नी डॉ. सुनंदा (अनिता) अवचट या मानसोपचारतज्ज्ञ होत्या. पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या साहाय्याने २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. निवासी उपचार, समुपदेशन, गटोपचार व घरी परतल्यानंतरचा पाठपुरावा हे त्याच्या कार्याचे घटक होत. व्यसनमुक्त झालेले अनेक रुग्ण तेथेच कार्यकर्ते झाले. रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट स्थापन झाला. डॉ. सुनंदा अवचट १९९७ मध्ये निवर्तल्या.

अमेरिकेत १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत मद्यविकार असलेल्यांपैकी ३७ टक्के, तर अन्य मादक पदार्थांचे विकार असलेल्यांपैकी ५३ टक्के व्यक्तींना आयुष्यात केव्हातरी मनोविकारही झाल्याचे दिसले. त्यामुळे संयुक्त उपचारांच्या विचारास बळ मिळाले. भारतीय कायद्याने मात्र ही दिशा उशिरा स्वीकारली. १९८७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमात व्यसनी रुग्णांसाठी स्वतंत्र रुग्णालयांची तरतूद होती. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने मद्य व मादक पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश मनोविकाराच्या व्याख्येतच केला. त्यामुळे अशा रुग्णांनाही उपचार मिळण्याचा हक्क प्राप्त झाला.

प्रत्यक्ष व्यवहारात काही अडचणी उरतात. ‘आधी दारू सोडा, मग या’ असे एकीकडे आणि ‘हा मनोरुग्ण आहे’ असे दुसरीकडे सांगितले गेल्यास रुग्ण दोन्हींकडून वंचित राहतो. काही व्यसनमुक्त रुग्ण मनोविकारावरील गोळ्यांनाही व्यसन समजून त्या सोडतात व आजार उलटतो. औषध आणि मादक पदार्थ यांतील हा भेद रुग्णाला व कुटुंबीयांना समजावून देणे, हे संयुक्त उपचारांचे महत्त्वाचे अंग होय.