गुडघ्याच्या सांध्यातील इंजेक्शन

गुडघ्याच्या अस्थिसंधिवातात (बोलीत 'गुडघ्याची झीज') वेदना शमवण्यासाठी सांध्याच्या पोकळीत थेट औषध टोचले जाते. त्यांत स्टेरॉइड सर्वाधिक प्रचलित असून जोसेफ हॉलंडर व सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये हायड्रोकॉर्टिसोनचा असा वापर प्रसिद्ध केला. स्टेरॉइडने सूज उतरते. आराम मात्र बहुधा काही आठवडेच टिकतो. झिजलेली कूर्चा त्याने भरून येत नाही. उलट, दर तीन महिन्यांनी दोन वर्षे ट्रायअ‍ॅमसिनोलोन टोचलेल्या रुग्णांची कूर्चा अधिक झिजली आणि वेदना मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनाहून विशेष कमी झाल्या नाहीत, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत आढळले.

'गुडघ्यातले वंगण संपले' या समजुतीपोटी अनेक जण हायलुरोनिक आम्लाचे महागडे इंजेक्शन घेतात. हे आम्ल सांध्यातील नैसर्गिक द्रवाचा घटक आहे खरे. पण त्याचा सरासरी लाभ अल्पच दिसतो.

वऱ्हाडात, अमरावती-अकोल्याच्या कापूसपट्ट्यात, उकिडवे बसून निंदण करणाऱ्या स्त्रियांच्या गुडघ्यांवर वर्षानुवर्षे ताण पडतो. इंजेक्शनाने दुखणे थांबले तरी हा ताण थांबत नाही. म्हणून मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि वजन-नियंत्रण हेच मूळ उपचार मानले जातात. मधुमेहींची रक्तशर्करा स्टेरॉइडनंतर काही दिवस वाढू शकते. इंजेक्शनानंतर ताप आल्यास किंवा गुडघा लाल व गरम झाल्यास जंतुसंसर्गाची शंका घेऊन त्वरित रुग्णालय गाठावे लागते.