हवेची उशी आणि पाण्याची खोली

ख्रिस्तोफर कॉकरेल या इंग्रज अभियंत्याने १९५५ साली एक घरगुती प्रयोग केला. कॉफीच्या रिकाम्या डब्यात त्याने मांजराच्या खाण्याचा लहान डबा बसवला, दोहोंमधल्या अरुंद फटीतून हवा खाली सोडली आणि तिचा दाब स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजला. नुसती खाली फुंकलेली हवा जेवढे वजन पेलते, त्याहून कडेच्या फटीतून सोडलेली हवा जास्त पेलते, हे त्याला आढळले. याच तत्त्वावर बांधलेल्या 'एसआर-एन १' या यानाने २५ जुलै १९५९ रोजी इंग्लिश खाडी ओलांडली. पुढे यानाच्या कडेला रबरी झालर आली आणि लाटा, दगडधोंडे, बांध यांवरून जाणे सोपे झाले. गाडीला रस्ता लागतो, होडीला पाणी लागते. होवरक्राफ्टला पृष्ठभाग बऱ्यापैकी सपाट असला की झाले. मग तो चिखल असो, वाळू असो, की लव्हाळ्यातले घोटाभर पाणी.

असे यान हाती आल्यावर दलदली आठवणे स्वाभाविकच होते. १९६८ मध्ये 'एसआर-एन ६' जातीचे एक यान ब्राझीलमधल्या मनाउसहून रिओ निग्रो, कासिकियारे आणि ओरिनोको या नद्यांवरून त्रिनिदादपर्यंत गेले. पुढच्याच वर्षी डेव्हिड स्मिदर्स यांच्या नेतृत्वाखाली त्याच जातीचे यान आफ्रिकेत उतरले. सेनेगल नदीपासून नायजर, बेन्वे, चाड सरोवर आणि मग काँगोच्या खोऱ्यापर्यंत, सुमारे ८००० किलोमीटरचा हा प्रवास. जिथे नद्या एकमेकींना भेटत नाहीत, तिथे यान जमिनीवरून न्यावे लागले. मोहिमेत भूगोलाची जिज्ञासा होती, तशी ब्रिटिश कारखान्याच्या मालाची जाहिरातही होती. त्यात मला काही गैर वाटत नाही. वास्को द गामासुद्धा नुसत्या कुतूहलापोटी कालिकतला आलेला नव्हता.

पण चाड सरोवराशी थोडे थांबायला हवे. त्या दशकात हे सरोवर सुमारे २०,००० ते २५,००० चौरस किलोमीटर पसरलेले होते. एवढा विस्तार, आणि सरासरी खोली मात्र माणसाच्या उंचीच्या आसपास. सरोवराचे बहुतेक पाणी दक्षिणेकडून येणाऱ्या शारी नदीचे. तिचा पाऊस पडतो दूर, आणि सरोवर आहे वाळवंटाच्या काठावर. ताटात ओतलेल्या पाण्यासारखी ही स्थिती: थोडे कमी झाले तरी काठ मैलोन्‌मैल आत सरकतो. मोहीम जाऊन तीन-चार वर्षे होतात न होतात तोच साहेल प्रदेशात मोठा दुष्काळ पडला. १९७३ च्या सुमारास सरोवराचे उत्तरेचे आणि दक्षिणेचे असे दोन तुकडे झाले, आणि १९८० च्या दशकात मूळ विस्ताराच्या दहाव्या हिश्शाइतकेही पाणी उरले नाही. १९६९ चे प्रवासी ज्या पाण्यावरून भन्नाट वेगाने गेले, तिथल्या कितीतरी भागात पुढे गुरे चरली आणि शेती झाली.

होवरक्राफ्टचा गुण असा, की खालचे पाणी किती खोल आहे याची त्याला फिकीर नसते. आणि पाणथळ जागेचे सगळे आयुष्य तर त्या खोलीवरच चालते. चाडच्या बेटांवर राहणारे बुदुमा लोक पपायरसच्या लव्हाळ्याची होडी बांधून बांबूने ती रेटत. बांबू तळाला टेकला की कुठे वीत कमी झाली, कुठे हात वाढला हे आपोआप कळते. बोत्स्वानातल्या ओकावांगोच्या त्रिभुज प्रदेशात 'मोकोरो' नावाची अरुंद होडी अशीच बांबूने ढकलतात. एकेकाळी ती एका झाडाच्या खोडातून कोरत, आता फायबरची मिळते. अंगोलातला पाऊस महिनोन्‌महिने वाहत तिथे पोचतो आणि ऐन कोरड्या दिवसांत पूर येतो. बांबूवाल्याला तो येताना कळतो. हवेवर तरंगणाऱ्याला कळण्याचे कारण नाही.

कोल्हापूरच्या वाचकाला हे परके वाटू नये. हातकणंगले तालुक्याच्या उत्तरेला वारणा, दक्षिणेला पंचगंगा. एरवी उसाचा मुलूख. आफ्रिकेतल्या दलदलीशी त्याचे नाते जुळवायला कोणी जाणार नाही. पण २००५, २०१९ आणि २०२१ या साली नदीकाठच्या गावांनी काही दिवस तशीच स्थिती भोगली. ना धड नदी, ना धड शेत. रस्ता पाण्याखाली, कुंपणे पाण्याखाली, उसाचे शेंडे वर. त्या दिवसांत जिल्ह्यातला प्रत्येक माणूस एकच प्रश्न विचारतो: राजाराम बंधाऱ्यावर किती फूट? ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. जुन्या पिढीतले लोक मात्र फुटांत बोलत नाहीत. पाणी देवळाच्या कितव्या पायरीला लागले, कोणाच्या उंबऱ्याशी आले, हीच त्यांची मोजपट्टी.

अशा वेळी होवरक्राफ्ट का आणत नाहीत, असे पुराच्या दिवसांत कोणीतरी विचारतोच. तटरक्षक दलाकडे ती आहेत, किनाऱ्यावरच्या उथळ पाण्यात आणि चिखलात कामालाही येतात. पण या यानाला वाडीच्या बोळात वळता येत नाही. आडव्या वाऱ्यात ते बाजूला सरकते, ब्रेक म्हणावा तसा त्याला नाहीच. विजेच्या तारा, छपरांचे पत्रे, बुडालेल्या खांबांची टोके या सगळ्यांतून रबरी झालर शाबूत राहील असे मानणे धाडसाचे. फिरण्याच्या हौसेसाठी बनणारी एक-दोन माणसांची छोटी याने तर आजारी म्हातारीला आडवी निजवून न्यायला उपयोगाचीच नाहीत. शिवाय आवाज: गोठ्यातली भ्यालेली म्हैस त्या आवाजाने दावे तोडील, आणि पाण्यात सुटलेली म्हैस हा दुसरा पूरच.

मोठ्या बचाव-होड्या येण्याआधी या भागात कामाला येत आली ती काहील, गुऱ्हाळातली रस आटवण्याची मोठी कढई. गोल आणि उथळ. तिला ना नाळ ना सुकाणू, त्यामुळे ती सरळ जाण्याऐवजी स्वतःभोवती गरगरते. दोघे-तिघे बसतात, एक जण बांबूने तळ चाचपत ढकलतो, नाहीतर पोहणारे दोघे कडेला धरून ओढतात. विहीर कुठे, बांध कुठे, ओढ्याचे वळण कुठे हे ठाऊक असलेल्या माणसाच्याच हाती बांबू देतात. परक्या माणसाला ते पाणी सगळीकडून सारखेच दिसते.

पूर ओसरला की काहील उलटी करून गाळ धुतात, राखेने घासतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास गुऱ्हाळे सुरू होतात, तेव्हा ती पुन्हा चुलवाणावर चढलेली असते.